तो सोनेरी गोळा भूकंपासाठी नाहीये हो

एप्रिल २०२४ मध्ये तैवानला ७.४ चा भूकंप झाला ना, तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर तो व्हिडिओ फिरून फिरून येतोय. तैपेई १०१ नावाची ५०८ मीटर उंच इमारत, तिच्या पोटात लटकलेला सोनेरी गोळा, तो हळूहळू डोलतोय, आणि वर लिहिलेलं असतं की या एका गोळ्याने अख्खी इमारत वाचवली, आपल्याकडे कधी येणार असलं तंत्रज्ञान वगैरे, खाली हात जोडलेले. मी पुण्यात स्ट्रक्चरल कन्सल्टन्सी करतो त्यामुळे असलं काही आलं की मला टॅग करून 'हे खरंय का रे' विचारतात, आणि मी दोन ओळी टाकून सोडून देतो, कारण ग्रुपवर नीट उत्तर द्यायला गेलं की लोक गुड नाइट म्हणून मोकळे होतात. म्हणून आता इथे सविस्तर लिहितो.

तर गोळा खरा आहे. ६६० टनांचा. साडेपाच मीटर व्यासाचा. पोलादाच्या ४१ गोल चकत्या, प्रत्येक साडेबारा सेंटिमीटर जाड, एकावर एक ठेवून वेल्ड केलेल्या, कारण एवढं धूड क्रेनने एकसंध उचलून वर नेणं शक्यच नव्हतं, मग जागेवरच घडवला. ९२ व्या मजल्यावरून केबलने खाली लटकवलाय आणि पर्यटकांना तिकीट काढून बघता येतो. बहुतेक इमारतींमध्ये ही असली यंत्रणा बंद खोलीत असते, कुणाला पत्ता नसतो, तैवानवाल्यांनी मात्र त्याला सोनेरी रंग दिला, त्याचं कार्टून काढलं आणि त्याच्या बाहुल्या विकायला ठेवल्या. मार्केटिंग शिकावं तर यांच्याकडून.

पण तो तिथे आहे तो मुख्यतः वाऱ्यासाठी, टायफूनच्या म्हणजे तिकडच्या चक्रीवादळांच्या वाऱ्यासाठी. भूकंपासाठी नाही.

आता हे असं का, ते समजायला आधी वारा उंच इमारतीला काय करतो ते बघू. आपल्याला वाटतं वारा समोरून ढकलतो, इमारत मागे वाकते, संपलं. तसं तो ढकलतोच, पण खरा त्रास आडव्या दिशेत होतो. वारा इमारतीच्या दोन्ही कडांवरून पुढे जाताना आळीपाळीने भोवरे सोडतो, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून, आणि प्रत्येक भोवरा सुटताना इमारतीला बाजूला एक छोटा हिसका देतो. या हिसक्यांचा ताल इमारतीच्या स्वतःच्या डोलण्याच्या तालाशी जुळला की झालं काम, झोपाळ्यावर बसलेल्याला दर वेळी नेमका मागे आल्यावर एका बोटाने टेकू दिला तरी झोका चढत जातो तसं. जोर मोठा लागत नाही, वेळ साधावी लागते. आणि वादळ काही अर्ध्या मिनिटात थांबत नाही, तासन् तास चालतं, म्हणजे झोका चढायला वेळच वेळ.

तैपेई १०१ चा ताल सात सेकंदांच्या आसपास आहे, म्हणजे एकदा इकडून तिकडे जाऊन परत यायला सात सेकंद. आता लोलकाचं सूत्र आपण सगळ्यांनी शाळेत घोकलंय, आवर्तनकाल फक्त लांबीवर अवलंबून, वजनावर नाही. सात सेकंदांचा लोलक हवा तर लांबी साडेअकरा-बारा मीटर लागते, कागदावर करून बघा, बरोब्बर येतं. म्हणजे गोळा इमारतीच्याच तालात डोलेल असा लटकवायचा, पण तो मागे राहतो, इमारत डावीकडे निघाली की याचा जोर उजवीकडे, ती उजवीकडे निघाली की हा डावीकडे ओढतोय. यालाच ट्यून्ड मास डॅम्पर म्हणतात, त्यातला ट्यून्ड हा शब्द महत्त्वाचा, नुसतं वजन वर नेऊन ठेवलं तर ते फक्त ओझं. कल्पना तशी शंभर वर्षांहून जुनी, हर्मन फ्राम नावाच्या जर्मन माणसाने १९०९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला होता, आणि त्याचं बरंच काम जहाजांचं डोलणं कमी करण्यावर होतं.

आणि अजून एक गोष्ट जी व्हिडिओत कुणी सांगत नाही. ऊर्जा गोळा खात नाही! गोळा फक्त इमारतीची हालचाल स्वतःच्या अंगावर घेतो. ती ऊर्जा संपवतात ते गोळ्याखाली तिरके लावलेले आठ तेलाचे सिलिंडर. आत पिस्टन, पिस्टनला बारीक छिद्रं, गोळा हलला की तेल त्या छिद्रांतून जबरदस्तीने इकडून तिकडे जातं आणि तापतं. बास, वादळाची ऊर्जा शेवटी कोमट तेल होऊन संपते. मी एकदा टेस्टिंग लॅबमध्ये असल्या सिलिंडरची चाचणी चालू असताना उभा होतो, त्याचा आकार आपल्या हाताच्या दंडाएवढाच होता, मशीन त्याला मागेपुढे करत होतं आणि कॉम्प्युटरवर जोर आणि सरकणं यांच्या आलेखात एकामागून एक लंबगोल उमटत होते, त्या लंबगोलाच्या आतलं क्षेत्रफळ म्हणजे एका फेरीत खाल्लेली ऊर्जा. चाचणी संपल्यावर तिथल्या टेक्निशियनने हात लावून बघा म्हणून सांगितलं आणि सिलिंडर चांगलाच गरम होता. इतकी वर्षं पुस्तकात वाचलेलं एनर्जी डिसिपेशन तेव्हा हाताला लागलं.

तर गोळा आणि सिलिंडर मिळून वाऱ्यातलं डोलणं तीस-चाळीस टक्क्यांनी कमी करतात. ८ ऑगस्ट २०१५ ला सौदेलोर टायफून आलं तेव्हा गोळा एक मीटर सरकला होता, मधल्या जागेपासून एका बाजूला. इमारत त्या वाऱ्यात गोळा नसता तर पडली असती का? नाही हो. लोकांना मळमळलं असतं. माणसाला किती सरकलो ते कळत नाही, किती झटक्याने सरकलो ते कळतं, म्हणजे विस्थापन नाही तर त्वरण, आणि वरच्या मजल्यांवर ते एका मर्यादेबाहेर गेलं की चक्कर, उलटी, टेबलावरचं पाणी हलताना बघून घाबरणं, मग भाडेकरू सोडून जातात. म्हणजे हा ६६० टनांचा गोळा बऱ्याच अंशी भाडेकरू टिकवण्यासाठी आहे असं म्हटलं तरी चालेल. (इमारतीचे कोपरेसुद्धा याच कारणासाठी पायऱ्यापायऱ्यांसारखे कापलेत, सरळ धारेच्या कोपऱ्यांपेक्षा वाऱ्याचा भार त्यामुळे चौथाईएक कमी झाला. तेवढा आकार नीट केला तर गोळा लागतही नाही, बुर्ज खलिफा ८२८ मीटर आहे आणि त्यात असला एकही डॅम्पर नाही.)

आता भूकंप. जवळचा भूकंप म्हणजे भराभर थरथराट, सेकंदाला एक-दोन-पाच झटके, आणि जोराचा भाग अर्ध्या-एक मिनिटात आटोपतो. सात सेकंदांच्या तालावर जुळवलेल्या गोळ्याला त्यातलं फारसं काही ऐकूच जात नाही. त्याला जागं व्हायलाच तीन-चार हेलकावे लागतात, तोपर्यंत खाली खेळ संपलेला. तैपेई १०१ ला भूकंपात सांभाळतात ते बाहेरच्या बाजूचे आठ अवाढव्य पोलादी कॉलम, ६२ व्या मजल्यापर्यंत आत काँक्रीट भरलेले, आणि त्यांना इमारतीच्या मधल्या गाभ्याशी जखडणारे दर आठेक मजल्यांवरचे ट्रस, म्हणजे त्रिकोणी जाळीचे पोलादी सांगाडे. त्यात बीमसुद्धा कॉलमजवळ मुद्दाम थोडे कोरून बारीक केलेत, म्हणजे वाकायचंच झालं तर बीम तिथे वाकेल, जोड तुटणार नाही. हे दिसायला काहीच नाही, त्याचा व्हिडिओ कोण बनवणार. इमारत अर्धी बांधून झाली होती तेव्हा, ३१ मार्च २००२ ला, मोठा भूकंप झाला होता, त्यात ५६ व्या मजल्यावरच्या क्रेन कोसळल्या आणि पाच जण गेले, पण सांगाड्याला काही झालं नाही. तेव्हा गोळा जागेवर होताच कुठे?

मग तो व्हिडिओतला डोलणारा गोळा काय प्रकार आहे, असं कुणीतरी विचारेलच. तर ग्रुपवर जो तुकडा येतो तो २०२४ चा नाहीच, १२ मे २००८ चा आहे, चीनमधल्या सिचुआनच्या भूकंपाचा. ते ठिकाण तैपेईपासून जवळपास दोन हजार किलोमीटर! आणि म्हणूनच गोळा हलला. भूकंपाच्या भराभर लाटा जमिनीत लांब जाता जाता विरतात, संथ लाटा मात्र दूरवर पोचतात, आणि त्या सात सेकंदांच्या तालाजवळच्या असतात. घरातल्या माणसाला खाली काही जाणवतही नाही आणि वर मात्र अख्खी इमारत डुलते.

त्यामुळे 'गोळा भूकंपासाठी नाही' हे माझं वाक्य तैपेईपुरतं घ्या, जपानात जाऊन बोलू नका, कारण जपान्यांनी याच संथ लाटांचा धसका घेतलाय. ११ मार्च २०११ च्या भूकंपात केंद्रापासून साडेसातशेच्या वर किलोमीटर लांब ओसाकामध्ये साकिशिमाची २५६ मीटरची सरकारी इमारत दहाएक मिनिटं डुलत होती, माथ्याजवळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावणेतीन मीटरच्या आसपास. पडली नाही, पण आतली छतं-भिंती फुटल्या, लिफ्टमध्ये लोक अडकले. त्यानंतर टोकियोत शिंजुकूमधल्या १९७४ सालच्या ५५ मजली मित्सुई इमारतीच्या गच्चीवर तीनशे-तीनशे टनांचे सहा लोलक बसवले, आणि ते खास भूकंपासाठी, म्हणजे संथ लाटांच्या भूकंपासाठी. अठराशे टन, जुन्या इमारतीच्या डोक्यावर, आत ऑफिसं चालू असताना. मला तैपेईपेक्षा हे काम जास्त भारी वाटतं पण सोनेरी रंग नाही ना.

जवळच्या भूकंपासाठी दुसरी जात असते, ती ट्यूनिंगच्या भानगडीत पडत नाही. दोन मजल्यांच्या मध्ये तिरकी ब्रेस, म्हणजे पोलादी दांडा, लावायची आणि ब्रेसमध्ये तोच तेलाचा सिलिंडर बसवायचा, मजला मजल्यावर सरकला की सिलिंडर दाबला जातो, ताल कोणताही असो. मेक्सिको सिटीतल्या २२५ मीटरच्या तोरे मायोर इमारतीत असे शंभरच्या आसपास सिलिंडर आहेत. ते शहर जुन्या तळ्याच्या चिखलावर बसलंय, १९८५ मध्ये भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटर लांब असूनही त्या चिखलाने दोन सेकंदांच्या आसपासचा ताल उचलून मोठा केला आणि त्याच तालात डुलणाऱ्या मध्यम उंचीच्या इमारती सर्वात जास्त गेल्या. तोरे मायोर २००३ पासून उभी आहे, २०१७ चा मोठा भूकंपही तिने विशेष काही न होता काढला. या सिलिंडरचं मला सर्वात आवडणारं लक्षण म्हणजे त्याचा जोर वेगावर अवलंबून असतो, किती सरकलं यावर नाही. इमारत पूर्ण वाकून टोकाला पोचली, कॉलमवर सगळ्यात जास्त ताण आला, त्या क्षणी वेग शून्य, म्हणजे सिलिंडर कॉलमवर एक पैशाचाही जास्तीचा भार टाकत नाही. इमारत मधून सुसाट जात असते, कॉलम निवांत असतात, तेव्हा सिलिंडर पूर्ण जोर लावतो. वेळ निवडून मदत करतो, असे नातेवाईक पाहिजेत.

तेल नको असेल तर घर्षण. पोलादी पट्ट्या, मध्ये घर्षणाचं अस्तर, ठराविक ताकदीने आवळलेले बोल्ट. रोजच्या वाऱ्याला हलतच नाहीत, मोठा भूकंप आला की ठरवलेल्या जोरावर पट्ट्या घसरतात आणि उष्णता होऊन ऊर्जा जाते. हे प्रकरण मॉन्ट्रियलमध्ये अवतार पॉल या भारतीय वंशाच्या इंजिनिअरने पुढे आणलं, गाडीच्या ब्रेकवरून सुचलेलं, आणि गुडगावच्या एका टॉवर्समध्येही ते वापरलंय.

या सगळ्यांना पॅसिव्ह म्हणतात कारण यांना वीज लागत नाही, सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, कुणी बटण दाबायचं नाही. वादळात सगळ्यात आधी काय जातं? आपल्याला विचारा, ढग दिसले तरी जाते. न्यूयॉर्कची १९७७ सालची सिटीकॉर्प इमारत विजेवर विसंबण्यातल्या धोक्याचं चांगलं उदाहरण आहे. तिच्या वर चारशे टनांचा काँक्रीटचा ठोकळा तेलाच्या पातळ थरावर सरकतो, पण तो थर तयार करायला पंप लागतो आणि पंपाला वीज. १९७८ मध्ये तिचे इंजिनिअर विल्यम लमेझ्यूरिए यांच्या लक्षात आलं की तिरक्या वाऱ्यात बोल्टचे जोड कमी पडतात. त्यांच्या हिशोबाने ठोकळा चालू असेल तर इमारत पाडणारं वादळ सरासरी ५५ वर्षांतून एकदा येईल, आणि वीज गेल्यामुळे ठोकळा बंद पडला असेल तर १६ वर्षांतून एकदा. मग रात्री रात्री गुपचूप वेल्डिंग करून जोड मजबूत केले. त्यातला गुपचूपपणाचा भाग लोक खूप चघळतात, मला मात्र ५५ आणि १६ हेच दोन आकडे आठवतात, मधला फरक म्हणजे एक विजेची वायर.

पाण्याचंही करता येतं. कॉलेजात आम्ही अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचं तीन मजली मॉडेल शेक टेबलवर, म्हणजे भूकंपासारख्या हलणाऱ्या टेबलावर, लावलं होतं आणि वरच्या मजल्यावर जेवणाचा प्लॅस्टिकचा चौकोनी डबा फेविक्विकने चिकटवून त्यात पाणी ओतत होतो. एका ठराविक पातळीला मॉडेलचं डुलणं असं काही बसलं की सर पण खुर्चीतून उठून आले. अजून थोडं पाणी घातलं तर परत पहिल्यासारखं हलायला लागलं. पाणी हिंदकळायचा ताल टाकीची लांबी आणि पाण्याची खोली यावर ठरतो, खोली बदलली की सूर गेला. म्हणून 'आपल्या गच्चीवर पाण्याची टाकी आहेच की, तोच डॅम्पर' असं जे म्हणतात त्यांना माझं म्हणणं एवढंच की तुमची टाकी सकाळी सातला भरलेली आणि दहाला रिकामी, ती कुठल्या तालात हिंदकळणार? व्हँकुव्हरच्या वन वॉल सेंटरमध्ये माथ्यावर खास आकाराच्या दोन पाण्याच्या टाक्या यासाठीच आहेत, पण ते पाणी वापराचं नाही, आगीसाठी राखीव, त्यामुळे पातळी हलत नाही.

आणि 'आपल्याकडे कधी येणार' याचं उत्तर, आलंय. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार यांनी घडवलेला केवडियाचा १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा, त्याच्या आत अडीचशे टनांचे दोन ट्यून्ड मास डॅम्पर आहेत. चालत्या माणसाचा पुतळा, म्हणजे खाली पायांपाशी बारीक आणि वर रुंद, इंजिनिअर झोपेत घाबरेल असा आकार, वर नर्मदेच्या खोऱ्यातला वारा. दिल्ली विमानतळाच्या नव्या एटीसी टॉवरमध्येही, म्हणजे विमानांची ये-जा नियंत्रित करणाऱ्या मनोऱ्यातही, एक आहे. तिथे वर बसलेल्या माणसाला स्क्रीनकडे टक लावून काम करायचं असतं, त्याला मळमळून कसं चालेल.

माझा मामेभाऊ मुंबईत अडतिसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतोय, त्याने मध्ये फोन केला, "दादा, बिल्डिंगला डॅम्पर आहे का विचारू ना? सेल्सवाला म्हणतो फुल्ली अर्थक्वेक प्रूफ आहे." मी म्हटलं डॅम्परचं विचारू नको, तो हो म्हणेल आणि स्विमिंग पूल दाखवेल. विंड टनेल टेस्ट, म्हणजे इमारतीच्या छोट्या मॉडेलवर वारा सोडून घेतलेली चाचणी, केलीय का विचार, आणि दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या वाऱ्याला सर्वात वरच्या राहत्या मजल्यावर त्वरण किती येतंय तो आकडा माग. उंच इमारतींसाठीच्या आयएस १६७०० या भारतीय मानकात राहत्या इमारतीला ०.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही मर्यादा आहे, ऑफिस-दुकानांना ०.२५. आकडा मर्यादेत असेल तर गोळा नसला तरी काही बिघडत नाही, आणि नसेल तर गोळा, टाकी, आकार बदलणं, काय करणार आहेत ते त्यांनी सांगायचं.

भूकंपाचं म्हणाल तर आपल्या पाच-सात-बारा मजली इमारतींना डॅम्परच्या आधी बरंच काही हवंय. २६ जानेवारी २००१ ला अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरच्या वर लांब होतं तरी तिथल्या कितीतरी बहुमजली इमारती बसल्या, त्यातल्या बऱ्याच खाली पार्किंग, नुसते कॉलम, आणि वर भिंतींचा भरीव ठोकळा अशा. पुण्यात कोणत्याही गल्लीत मान वळवा, तेच दिसेल. अशा खालच्या मजल्यात ब्रेस आणि डॅम्पर लावून सुधारणा करता येते, जगात करतातही, पण कॉलममधल्या उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या रिंगांचे हूक १३५ अंशात आत वळवलेले असणं हे त्याआधी येतं. मी साइटवर अजूनही जातो तेव्हा फिटर ९० अंशात मोडून ठेवलेल्या रिंगांचा ढीग दाखवून म्हणतो 'साहेब, काँक्रीट टाकल्यावर कोण बघतंय'. भूकंप बघतो ना बाबा! काँक्रीटचं वरचं कवच उडालं की ९० चा हूक उघडतो आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात, मग त्या मजल्यावर जगातला कुठलाही सिलिंडर लावा.

आणि वीज लागत नाही म्हणजे देखभाल लागत नाही असंही नाही. सिलिंडरची सीलं गळतात, तेल गेलं तर आत नुसती नळी उरते. घर्षणवाल्याचे बोल्ट ठरवलेल्या टॉर्कला आवळलेले असतात, ते कुणी 'सैल वाटला' म्हणून पान्याने अजून पिळला तर घसरायचा जोरच बदलला, आणि रंगारी आला की समोर दिसेल त्यावर ऑइल पेंट मारतो, त्यात घर्षणाचे पृष्ठभाग पण आले. त्यात ब्रेस खिडकीत आडवी येते म्हणून इंटिरिअरवाला ती जिप्समच्या मागे गाडून टाकणार, दहा वर्षांनी कुणाला माहीतही नसणार की आत काय आहे. ज्या सोसायटीत लिफ्टच्या एएमसीवरून एजीएम रात्री अकरापर्यंत चालते तिथे भिंतीआडच्या सिलिंडरची तपासणी कोण मंजूर करणार, हा मला गणितापेक्षा अवघड प्रश्न वाटतो. निदान कुठल्या मजल्यावर कुठल्या भिंतीत काय बसवलंय त्याचं ड्रॉइंग, टेस्ट सर्टिफिकेट आणि तपासणीचं वेळापत्रक हस्तांतरणाच्या वेळी सोसायटीने बिल्डरकडून लेखी घ्यावं, आणि तपासायला जाण्याचं दार कुठल्या फ्लॅटच्या आत पडलंय तेही बघून ठेवावं.